इतर हक्कातली नावं

आमच्या शेताचा एक जुना सातबारा माझ्याकडे आहे. तलाठ्याने हाताने लिहिलेला, त्याची झेरॉक्स, आणि त्या झेरॉक्सचीही झेरॉक्स, त्यामुळे अक्षरं फुगून एकमेकांना चिकटलेली. मधल्या रकान्यात आजोबांचं नाव आहे, त्याला कंस केलेला. त्याखाली बाबांचं नाव. उजवीकडे ‘इतर अधिकार’ असा एक रकाना असतो, ज्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क असलं काहीबाही लिहितात. त्या रकान्यात, बोज्याच्या खाली, माझ्या दोन आत्यांची नावं आहेत. नावापुढे ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, आणि मग नवऱ्याचं नाव. दोघींच्या नावांनाही कंस आहे.

सातबाऱ्यावर कंस म्हणजे नाव कमी झालं. आता संगणकावर निघणाऱ्या उताऱ्यात आडवी रेघ मारलेली दिसते, पण माणसं अजूनही ‘नावाला कंस झाला’ असंच म्हणतात. आजोबांच्या नावाला कंस झाला कारण ते गेले होते. आत्या दोघी जिवंत होत्या. थोरली तर आजही आहे.

आजोबा 1997 च्या पावसाळ्यात गेले. वारसाच्या नोंदीत बाबांचं नाव कब्जेदार म्हणून आलं आणि बहिणींची नावं इतर हक्कात गेली. आमच्याकडे तशीच पद्धत होती. मुलगे मधल्या रकान्यात, मुली उजवीकडे. पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस सगळे तालुक्याला गेले. बाबा, दोन्ही आत्या, साक्षीला चुलतकाका, आणि मलाही कुणीतरी सोबत घेतलं. मी बारा वर्षांची होते. आईस्क्रीम मिळेल एवढंच मला माहीत होतं.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाची ती भिंत मला अजून दिसते. कमरेएवढ्या उंचीवर सगळीकडे जांभळे ठिपके होते. अंगठा उठवल्यावर हाताची शाई पुसायला तिथे काही नव्हतं, म्हणून येणारा प्रत्येक जण अंगठा भिंतीला पुसायचा. इतकी वर्षं, इतके अंगठे. बाकावर बसून मी ते मोजायचा प्रयत्न करत होते. त्यातले बायकांचे किती असतील, हा प्रश्न मला फार नंतर पडला.

लेखनिकाने दस्त वाचला. ‘राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, बिनमोबदला’ हे शब्द मला पाठ झाले, कारण ते त्याने दोनदा म्हटले, एकदा थोरल्या आत्यासाठी आणि एकदा धाकटीसाठी. साहेबांनी वर बघून विचारलं, “कळलं ना? खुशीनं देताय ना?” थोरली म्हणाली, “व्हय साहेब. भावाला देतोय, परक्याला न्हाई.” धाकटी काहीच बोलली नाही. तिने मान हलवली. मग दोघींनी अंगठे उठवले. थोरलीने भिंतीला पुसला. धाकटीने पदराच्या आतल्या बाजूला पुसला, कारण भिंतीला हात लावायची तिला लाज वाटली असावी.

बाहेर आल्यावर बाबांनी दोघींना साड्या घेतल्या. उसाचा रस प्यायलो. मला आईस्क्रीम मिळालं. कुणीही दुःखी नव्हतं, आणि हे मला आवर्जून सांगायचं आहे. बाबांनी धमकावलं नव्हतं, कुणाला फसवलं नव्हतं. माझे बाबा चांगले होते. आत्यांना भावाचं कौतुक होतं आणि भावाला बहिणींची माया होती. चार माणसांत ते सगळं मायेनेच झालं, आणि म्हणूनच त्यात काही चुकतंय असं त्या दिवशी कुणाला वाटलं नाही.

हक्कसोडपत्र हा शब्द मी नंतर शिकले. तेव्हा घरात ‘सही करून आलो’ एवढंच म्हणायचे.

आपल्याकडे बहीण हक्क का सोडते, याचं उत्तर गावातल्या कुठल्याही बाईला विचारलं तर ती एका शब्दात देईल: माहेर. माहेर म्हणजे दिवाळीला येणारा मुराळी, पंचमीचं बोलावणं, पहिलं बाळंतपण, लेकीच्या लग्नात मामाने धरलेला अंतरपाट. पण त्याखाली आणखी एक गोष्ट आहे जी बोलली जात नाही. सासरी नवऱ्याने हाकललं तर जिथे जाता येईल असं तिच्यासाठी जगात एकच दार असतं. त्या दारात पुढे भाऊ उभा राहणार आहे. आज वाटा मागितला तर उद्या तो दार उघडेल का, हा हिशेब प्रत्येक बहीण मनात करते आणि सही करते. जमीन तिची, आणि त्या जमिनीच्या मोबदल्यात ती स्वतःसाठी एक दार उघडं ठेवून घेते. ‘बिनमोबदला’ हा शब्द मला म्हणूनच खोटा वाटतो. मोबदला होता. फक्त तो कुठल्याही दस्तात लिहिता येत नव्हता आणि तो मिळाला नाही तर कुठल्याही कोर्टात मागता येणार नव्हता.

धाकट्या आत्याला तो एकदा मागावा लागला.

मी बारावीला होते. एका पहाटे ती आली, सोबत धाकटा मुलगा, हातात पिशवी. डावा डोळा सुजलेला. आईने काही न विचारता चूल पेटवली, पाणी तापवलं. बाबा ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. ते सारखं म्हणत होते, “हिथं राहा तू, कुणाच्या बापाची भीती न्हाई.” आठ दिवस गेले. मग गावातली चार माणसं बोलायला लागली. माझ्या लग्नाचं बघायचं होतं, ‘घरात आत्या येऊन बसलीय’ हे स्थळांच्या कानावर जाईल असं कुणीतरी बाबांना सांगितलं. पंधराव्या दिवशी आत्याचा नवरा दोन माणसं घेऊन आला, हात जोडले, चहा झाला. बाबांनी तिला नवी साडी घेतली. ती गेली.

त्यानंतर तीन-चार वर्षांत ती आणखी दोनदा आली आणि दोनदा परत गेली. नंतर यायची थांबली. तिचं काय झालं हे मी इथे लिहिणार नाही, तिच्या मुलांना ते वाचायला आवडणार नाही. ती आता नाही.

पण तो पंधरावा दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. ती उभी होती त्या ओसरीच्या समोर जो पट्टा दिसतो, पाणंदीपासून चिंचेपर्यंत, त्यातला काही भाग कायद्याने तिचा होता. पाच वर्षांपूर्वीपर्यंत. तो तिच्या नावावर असता तर तिने तिथे एक खोली घातली असती, असं मी म्हणत नाही. कदाचित घातली नसती. पण ‘किती दिवस राहणार’ असं कुणी विचारलं नसतं.

केरळमध्ये प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल या अर्थशास्त्रज्ञांनी विवाहित स्त्रियांचा अभ्यास केला होता, तो 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बायकांच्या नावावर ना जमीन होती ना घर, त्यांच्यातल्या 49 टक्के जणींनी नवऱ्याचा मार सोसलेला होता. जिच्या नावावर जमीन आणि घर दोन्ही, तिच्या बाबतीत हे प्रमाण 7 टक्के. शिक्षण, नवऱ्याचं उत्पन्न, असल्या बाकीच्या गोष्टी हिशेबात धरूनही मालमत्तेचा परिणाम उरतच होता. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. मला 49 आणि 7 दिसत नव्हते, मला तो सुजलेला डोळा दिसत होता.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण घरोघरी यावर चुकीचं बोललं जातं. मुलीला मुलाइतका वाटा मिळावा ही तरतूद डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिलाच्या मसुद्यात आणली होती. बिल रखडवलं गेलं आणि 1951 च्या सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हे एक मोठं कारण होतं. 1956 च्या वारसा कायद्यात मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वाटा मिळाला, पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनचा हक्क फक्त मुलग्यांचाच राहिला. महाराष्ट्राने 1994 मध्ये तो मुलींनाही दिला, मात्र 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. माझ्या आत्यांची लग्नं कधीच झाली होती. लग्न आधी झालं म्हणून मुलगी कमी मुलगी झाली! 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने ही अट गेली. वडील त्या तारखेला हयात हवेत की नकोत यावर पुढे पंधरा वर्षं वाद चालला, आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने नको असं स्पष्ट केलं. आत्यांचे अंगठे तोवर केव्हाच उठून गेले होते.

म्हणजे कागदावर आज मुलगी आणि मुलगा सारखे आहेत. आणि तरीही 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहिवाटीच्या खात्यांपैकी बायकांची खाती जेमतेम 14 टक्के होती, क्षेत्र त्याहूनही कमी. ग्रामीण भागात काम करणाऱ्या बायकांपैकी दर चारजणींतल्या तिघी शेतीत राबतात. मधल्या फटीत काय आहे ते मी बाकावर बसून पाहिलेलं आहे.

आणि हे फक्त बहिणींचं नाही. माझी आई लग्न होऊन आली तेव्हापासून त्या शेतात आहे. खुरपणी, काढणी, रात्रीची पाणीपाळीसुद्धा. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा चार महिने सगळं शेत तिने एकटीने बघितलं. मजूर लावले, फवारणी करून घेतली, दोन एकर ऊस तोडून कारखान्याला घातला. उसाची नोंद बाबांच्या नावावर होती, बिल बाबांच्या खात्यावर आलं. पीककर्ज नवंजुनं करायला ती सोसायटीत गेली तर तिला सांगितलं, खातेदाराची सही आणा. ती म्हणाली, “मीच करते की सगळं.” समोरचा माणूस वाईट नव्हता, त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. पण त्याच्या कागदात ‘करते’ असा रकानाच नव्हता.

किसान सन्मान निधीचे वर्षाला 6000 रुपये येतात ते जमीनधारकाला. पीककर्ज, विमा, विहीर, ठिबकचं अनुदान, सगळ्याची सुरुवात सातबाऱ्यापासून. जिचं नाव तिथे नाही ती सरकारच्या लेखी शेतकरीच नाही. ज्या घरात नवऱ्याने आत्महत्या केली तिथे हे सगळ्यात भयंकर होतं. महिला किसान अधिकार मंचाने विदर्भ-मराठवाड्यातल्या 11 जिल्ह्यांत अशा 505 बायकांशी बोलून अहवाल केला होता. 2012 ते 2018 या काळात विधवा झालेल्या या बायकांपैकी 40 टक्के जणींना, नवरा कसत होता त्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. कर्ज मात्र विचारत दारात येतं, तेव्हा बाईच पुढे जाते.

यावर कुणी काही केलंच नाही असं नाही. 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. खेड्यापाड्यांतून भाकरी बांधून बायका आल्या होत्या, लाखांच्या संख्येने. त्याच विचारातून पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला: ज्या गावातले शंभर शेतकरी आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. आणि शेतकऱ्यांनी केलं! कोर्टाच्या हुकमाशिवाय, आपणहून. 1992 मध्ये शासनानेही परिपत्रक काढून, नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायची सोय केली. ही सोय आहे हे आमच्या गावात किती जणांना ठाऊक आहे, असं मी एकदा पारावर विचारलं. एका म्हाताऱ्या माणसाला होतं. त्यानेच तरुणपणी केलेलं होतं.

जगात इतरत्रही हाच धागा वेगवेगळ्या हातांनी ओढलेला दिसतो. रवांडामध्ये 1994 च्या संहारानंतर घराघरांत बायकाच उरल्या होत्या, आणि जुन्या रूढीप्रमाणे जमीन त्यांना मिळत नव्हती. 1999 मध्ये तिथे मुलगा-मुलगी समान वारस ठरले आणि पुढे देशभर जमिनीची नोंदणी झाली तेव्हा नवरा-बायको दोघांची नावं लागली. मात्र ज्यांचं लग्न कायदेशीर नोंदलेलं नव्हतं अशा बायका त्यातही बाहेर राहिल्या. इथिओपियाच्या काही प्रांतांत जमिनीच्या दाखल्यावर नवरा-बायको दोघांचे फोटो लावतात. हे वाचून मी बराच वेळ त्याचाच विचार करत होते. नाव वाचायला अक्षर यावं लागतं, फोटो आपला आहे हे कुणालाही कळतं. माझ्या थोरल्या आत्याला तिच्या नावाला झालेला कंस कधी दिसलाच नाही, कारण तिला वाचता येत नाही. फोटो असता, आणि तो कुणी काढून टाकला असता, तर तिला दिसलं असतं.

आता आपल्याकडे ‘लाडकी बहीण’ आहे. 2024 च्या जुलैपासून महिन्याला 1500 रुपये. आईच्या खात्यावर पहिल्यांदा आले तेव्हा तिने त्यातून स्वतःला चष्मा केला, कुणाला न विचारता. हे मी हलकं मानत नाही, आयुष्यात पहिल्यांदा तिने असं केलं. पण ओवाळणी वेगळी आणि वाटा वेगळा. ओवाळणी देणाऱ्याच्या मनावर असते.

बाबा चार वर्षांपूर्वी गेले. तेराव्यानंतर महिनाभराने भावाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, “ताई, सहीला कधी येतीयस? तुझ्या सवडीनं ये, घाई न्हाई.” त्याच्या आवाजात काहीही खोट नव्हती. त्याने बाबांना पाहिलं होतं, बाबांनी आजोबांना. हे असंच असतं असं त्याला वाटत होतं, जसं मला आईस्क्रीम.

मी म्हटलं, “मी सही करणार नाही रे.”

तो भांडला नाही. गप्प झाला. ती गप्पगिरी भांडणापेक्षा जड होती. मला शेताचं उत्पन्न नको होतं, कसायचं त्यानेच होतं, हे मी त्याला त्याच दिवशी सांगितलं आणि पुन्हा पुन्हा सांगितलं. पण नाव राहू दे, माझं आणि आईचंही. त्या दिवाळीला मुराळी आला नाही. मी आणि माझा नवरा आपणहून गेलो, वहिनीने ताट वाढलं, भाऊ शेतावरून उशिरा आला. अशी दोन वर्षं गेली. खोटं कशाला बोलू, त्या दोन वर्षांत अनेकदा वाटलं की करून टाकावी सही. सुखात असलेल्या, नोकरी असलेल्या मला इतकं जड गेलं. आत्यांना कसं जमलं असतं?

नोंद झाली. मधल्या रकान्यात आई, भाऊ, मी. भाऊ हळूहळू बोलायला लागला. माझी भाची आठवीत आहे, ती एकदा जेवताना म्हणाली, “मग माझं पण नाव लागणार ना, पप्पा?” त्याने मान वर केली नाही, पण ‘व्हय’ म्हणाला.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्याशी बांधावरून वाद निघाला आणि मोजणी आणली. खातेदार म्हणून मला नोटीस आली, म्हणून मी गेले. थोरली आत्या तेव्हा आमच्याकडेच होती, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेली, डोळ्यावर हिरवा चष्मा. भूकरमापक यंत्र लावून उभा होता, पण हद्दीचा जुना दगड सापडत नव्हता. शेजारी म्हणत होता ओढ्याच्या काठाला, भाऊ म्हणत होता बाभळीपाशी. तासभर हेच. आत्या बांधावर सावलीत बसली होती. ती उठली, कुणाला काही न बोलता खाली उतरली आणि करवंदीच्या जाळीपासून पावलं टाकत गेली. लहानपणी ती इथे शेरडं राखायची. एका ठिकाणी थांबून तिने पायाने माती उकरली आणि खुरपं मागितलं. वीतभर खाली दगड होता, वरच्या अंगाला खाच असलेला.

शेजारीसुद्धा काही बोलला नाही. भूकरमापकाने खुणा घेतल्या, मग कागद काढून हजर असलेल्यांची नावं लिहायला लागला. भावाचं, माझं, शेजाऱ्याचं लिहून झालं. आत्याकडे बघून त्याने विचारलं, “आजी, दगड तुम्ही दाखवला, तुमचंही नाव घालतो. खातेदार का तुम्ही?”

“न्हाई,” आत्या म्हणाली.

“बरं. पूर्ण नाव सांगा.”

तिने स्वतःचं नाव सांगितलं. मग जरा थांबली, आणि आजोबांचं नाव सांगितलं.